नाशिकच्या डोंगरावर रविवारी रोप लावायला जाताना

वृक्षारोपणासाठी ५ जूनची घाई करू नका. पर्यावरण दिन कॅलेंडरात ठरलेला असतो, पाऊस नाही. मृगाच्या एखाद्या सरीने मुरमाचा वरचा थरच भिजतो. आर्द्रा बरसू द्या, माती वीतभर खोल ओली झाली की निघा. त्र्यंबकेश्वराकडे पाऊस लवकर जोर धरतो, सिन्नर-येवल्याकडे जास्त वाट पाहावी लागते.

नाव नोंदवण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचारा: खड्डे कधी खोदले, रोपं कोणती आहेत आणि मार्चमध्ये पाणी कोण घालणार? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा चाचरला, तर त्या रविवारी घरीच भजी खा. खड्डे उन्हाळ्यातच व्हायला हवेत, साधारण दीड फूट लांब, रुंद आणि खोल. जागा वनखात्याची असेल तर परवानगी आहे ना, तेही विचारून घ्या.

रोपं स्थानिक हवीत: करंज, बहावा, पळस, आपटा, बेहडा, काटेसावर. गिरीपुष्प भराभर वाढतं म्हणून पुष्कळ लावलं गेलं, पण ते मूळचं मध्य अमेरिकेचं. सातपूरजवळ फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून उभी राहिलेली देवराई एकदा फिरून या, स्थानिक झाडं ओळखायला तिथे सोपं जातं. आणि प्रत्येक मोकळी जागा झाडासाठी नसते. सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प अंजनेरीच्या उघड्या माथ्यावर येतं. तिथे सावली करणं म्हणजे त्याच्या मुळावर उठणं.

पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट, टोपी आणि दोन लिटर पाणी घ्या. दगड उचलताना आधी काठीने हलवा, खाली विंचू असतो.

आता मुख्य काम. पिशवीला ब्लेडने उभी चीर द्या आणि मातीचा गोळा न फुटू देता रोप बाहेर काढा. पहिल्या वर्षी मी घाईत पिशवीसकट पाच-सहा रोपं लावली होती. दिवाळीनंतर वाळलेलं एक उपटून पाहिलं, तर मुळं प्लॅस्टिकच्या आतच गोल गोल फिरलेली. तेव्हापासून रिकाम्या पिशव्या मोजतो. जेवढी रोपं, तेवढ्या पिशव्या घमेल्यात परत यायला हव्यात.

खड्ड्यात आधी वरची सुपीक माती आणि कुजलेलं शेणखत घाला. पिशवीत जिथवर माती होती तिथवरच रोप गाडा, खोड पुरू नका. बाजूची माती पायाने हलके दाबा. उतारावर गोल आळं करण्यापेक्षा खालच्या अंगाला मातीचा अर्धचंद्र बांध घाला, म्हणजे वरून येणारं पाणी रोपापाशी थांबतं. बांबूची काठी लावून सैल बांधा. चार तासांत अशी दहा रोपं झाली तरी पुष्कळ. पन्नास लावल्याचं सांगणाऱ्यांचे खड्डे जरा उकरून बघा.

मग खुशाल मिसळ खायला जा, पण पुढच्या दोन फेऱ्यांच्या तारखा तिथेच ठरवून उठा. पहिली फेरी श्रावणात: रोपाभोवतीचं गवत विळ्याने कापून बुंध्याजवळ पसरायचं. दुसरी फेब्रुवारीत: तेच गवत वाळलेलं असतं, ते दोन-तीन फूट लांब ओढून टाकायचं, कारण वणवा आला की आधी तेच पेट घेतं. पाण्याचे कॅन त्याच फेरीपासून सोबत न्या.