नळाला पाणी नाही? मग निदान या चुका टाळा

दापोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या नळपाणी योजनेचा पंप मी अठरा वर्षं चालवतोय. गाव डोंगरउतारावर, चार वाड्यांत विखुरलेलं. पाणी जाण्याची कारणं ठरलेली आहेत: वीज, फुटलेली लाइन, नाहीतर मे महिन्यात जॅकवेलचा (पंप जिथून पाणी उचलतो त्या विहिरीचा) दिसू लागलेला तळ. बिघाड बहुतेक वेळा काही तासांचा असतो. त्याचा आठवडा आपण करतो, आणि दरवर्षी तेच बघून आता जीव विटलाय.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे, "आमच्याकडे लाइट आहे, मग पंप का बंद?" असं विचारत पंपहाउसवर येऊन घाई लावणं. घरातला दिवा एका फेजवर लागतो, पंपाच्या मोटरला तिन्ही फेज लागतात. फांदी तारेवर पडून एक फ्यूज उडाला, की तुमचा टीव्ही चालू आणि आमची मोटर बंद. शिवाय पंपहाउस खाली नदीकाठी, त्याचं रोहित्रही वेगळं. एक फेज गेला तर मोटर जळू नये म्हणून स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवलेला असतो. तो मोटर बंद पाडतो, तेव्हा आपलं काम चोख करत असतो.

एका वर्षी गणपतीला दोन दिवस होते. चाकरमानी आलेले, चार माणसांच्या घरात वीस माणसं. जलजीवन मिशनच्या हिशोबाने माणशी 55 लिटर धरले तरी त्या घराला 220 लिटरऐवजी 1100 लिटर हवेत. टाकी तीच, पंप तोच. त्यात पावसाने फेज येत-जात होता आणि प्रिव्हेंटर दर दहा मिनिटांनी ट्रिप होत होता. पंधरा-वीस जण येऊन उभे राहिले. "ती वायर काढ आणि थेट जोड, सगळीकडे तसंच करतात." मी जोडली. मोटरवर जास्त भार आला की ती बंद पाडणारा ओव्हरलोड रिलेसुद्धा चढवून ठेवला. तासभर पाणी चढलं. मग मोटरचा आवाज बदलला, जड घरघर सुरू झाली. बटण दाबेपर्यंत जळक्या वार्निशाचा वास खोलीभर झाला होता. वाइंडिंगवाला स्वतःच गणपतीला गावी गेलेला, मोटर सहाव्या दिवशी परत आली. विहिरी तुडुंब होत्या म्हणून गावाचं निभावलं. हेच मे महिन्यात झालं असतं तर?

त्यानंतर प्रिव्हेंटरला मी कुणालाही हात लावू दिलेला नाही. कितीही बोलणी खावी लागोत. फेज नसेल तर मी आधी वीज कंपनीच्या 1912 वर तक्रार नोंदवतो, लाइनमनला फोन करतो आणि तिन्ही फेज दिसल्यावरही पंधरा मिनिटं थांबून मगच बटण दाबतो. तुम्हाला खरंच मदत करायची असेल तर तारेवर फांदी कुठे पडली आहे ते कळवा. फक्त ती स्वतः काढायला जाऊ नका.

दुसरी चूक साधी दिसते, म्हणून तिचा मला जास्त राग येतो: पाणी गेल्यावर नळ उघडा टाकून, त्याला लावलेला पाइप पिंपात बुडवून ठेवणं. "पाणी आलं की आपोआप भरेल." वरच्या वाडीतल्या एका घरी पाइप गोठ्यातल्या पिंपात होता, गुरं त्यातच तोंड घालत. लाइन बंद झाली. खालच्या वाडीत कुणीतरी नळ उघडून पाइपात उरलेलं पाणी उतरवून घेतलं. पाणी खाली उतरलं तसं वर ओढ बसली आणि गोठ्यातलं पिंप लाइनीत रिकामं झालं. संध्याकाळी खालच्या घरातली काकी कळशी घेऊन माझ्याकडे आली. हिरवट पाणी, त्यात पेंढ्याची काडी, शेणाचा वास. सगळी लाइन वॉशआउटमधून (लाइन रिकामी करायच्या वॉल्व्हमधून) धुऊन काढायला दीड दिवस गेला. पाइपाचं तोंड पिंपाच्या काठापेक्षा वीतभर वर ठेवा. आणि पाणी गेलं की नळ बंद.

लाइनीला थेट मोटर लावू नका. पाणी शेजाऱ्याचं जातं, आणि जॉइंट गटाराजवळ फुटका असेल तर गटार तुमच्या टाकीत येतं.

पाणी सुटल्यावर पहिल्या दोन बादल्या झाडांना घाला. "वॉल्व्ह पूर्ण उघड ना" असं म्हणू नका. रिकाम्या लाइनीत हवा कोंडते आणि दणक्याने जॉइंट सुटतो. भरायला दोन तास लागतात, ते लागू द्यात.

साठवलेल्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मूठभर टाकणारेही बघितले आहेत. हजार लिटरला पाच ग्रॅम. बादलीत कालवायचं, चुना खाली बसला की वरची निवळी ओतायची आणि अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात ती काम करत नाही. आधी तुरटी फिरवा, गाळ खाली बसू द्या.

राहिली विहीर. नळ आला आणि लोकांनी विहिरी सोडून दिल्या. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा कुणाच्या विहिरीत पाला कुजलेला, कुणाचा रहाट गंजून बसलेला. घरची विहीर मी दर मे महिन्यात उपसतो, रहाटाला तेल घालतो. दोर आणि कळशी पडवीत खुंटीला टांगलेली असते, आणि ती खुंटी दुसऱ्या कशालाही वापरायची नाही असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.