ग्रोल शिकायचाय? आधी आवाज लहान कर

सतराव्या वर्षी डोंबिवलीच्या घरात उशीत तोंड खुपसून मी डेथ मेटल या जड संगीतातल्या ग्रोलचा, म्हणजे खोल गुरगुरत्या आवाजात गाण्याचा, सराव करायचो. दोन आठवड्यांत घसा बसला. चार दिवस घरच्यांशी वहीत लिहून बोललो. आता बारा वर्षं बँडमध्ये आहे आणि आवाज शाबूत आहे, म्हणून हे लिहितोय.

उशी बाजूला ठेव. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की आपण नकळत जोर लावतो. लोकलच्या दारात सराव केला तरी तेच होतं. शांत खोली हवी आणि आवाज गप्पा मारण्याइतकाच. ग्रोल मोठा करायचं काम माइकचं.

आपल्या स्वरतंतूंच्या जरा वर मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते, तिला आम्ही फॉल्स कॉर्ड म्हणतो. भरलेली बादली उचलताना ‘हंऽ’ निघतो तेव्हा हे पडदे जवळ येतात. रशियातल्या तुवा प्रांतातले कार्गिरा (तिथली खर्जातली कंठगायकी) गाणारेही हेच पडदे थरथरवतात.

पोट फुगेल असा श्वास घे आणि दमल्यावर टाकतो तसा लांब सुस्कारा सोड. तो चालू असतानाच ती बादली आठव, पण मान आणि जबडा सैल राहू दे. आधी नुसती खरखर येईल. ती सलग पाच सेकंद टिकायला लागली की तोंडाचा ‘ओ’, ‘ऊ’ कर, आवाज खोल जाईल. ‘ई’कडे नेलास की धार येईल. दिवसाला दहा मिनिटं पुरे. खवखवलं, टोचलं, खोकला आला की त्या दिवशीचा सराव तिथेच संपला. ह्यात मी कुणालाच सूट देत नाही.

फ्राय स्क्रीम ही मेटलमधली किंचाळण्याची वेगळी पद्धत. तिची सुरुवात झोपेतून उठल्यावरच्या करकरीत आवाजातून होते. पहिलं वर्ष तिच्या वाटेला जाऊ नको.

मराठीत लिहीत असशील तर ख, घ, भ जपून वापर. ह्या अक्षरांत श्वास भसकन निघून जातो. माझी ‘भुकेल्या भुईखाली’ ही ओळ जॅमपॅडमध्ये (बँडच्या सरावाच्या खोलीत) एकदाही पुरी झाली नाही. ‘उपाशी मातीत’ केली, तेव्हा श्वास पुरला.

गिगच्या, म्हणजे स्टेजवरच्या कार्यक्रमाच्या, दिवशी सकाळपासून पाणी पी. ऐनवेळचा घोट स्वरतंतूंना लागतच नाही, तो अन्ननलिकेत जातो. चढायच्या आधी ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून पाच मिनिटं गुणगुण. साउंडवाल्याकडून मॉनिटरमध्ये (स्टेजवर आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) स्वतःचा आवाज मागून घे. माइकची जाळी मुठीत धरू नको, शब्दांचा चिखल होतो आणि फीडबॅक, म्हणजे स्पीकरमधून कर्कश शिट्टी, येतो.

माझा घसा सगळ्यात जास्त बिघडला तो गिगनंतर, स्पीकरशेजारी उभं राहून गप्पा मारल्याने. भेटायला आलेल्यांना घेऊन बाहेर रस्त्यावर जा. रात्री दोनला पावभाजी खाऊन लगेच आडवं होऊ नको, ॲसिड घशापर्यंत चढतं. आवाज दोन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने बघून घे, आणि ग्रोल करतो हे त्यांना स्पष्ट सांग.

पैशाचं आधीच ठरव. आर्च एनिमी या स्वीडिश मेटल बँडची गायिका अँजेला गोसो हिने २०१४ मध्ये माइक सोडला, पण त्याच बँडची मॅनेजर म्हणून राहिली. आपल्या मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शन या मेटल बँडचा साहिल मखिजा बँडसोबत रेकॉर्ड लेबल आणि खाण्याचं चॅनेलही चालवत आलाय. मी नोकरी धरून ठेवलीय. म्हणूनच गेल्या पावसाळ्यात सर्दीने छाती भरली, तेव्हा पुण्याच्या गिगला मी सरळ नाही म्हणू शकलो.