वैद्यकीय इंग्रजी शब्द फोडून कसे वाचावेत

नर्सिंगच्या किंवा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला मुले शब्दांच्या याद्या घोकत बसतात. त्यातली निम्मी मेहनत वाया जाते. डिस्चार्ज कार्डावरचा ‘कोलिसिस्टेक्टॉमी’ घ्या आणि शेपटाकडून वाचा. ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढणे, ‘सिस्ट’ म्हणजे पिशवी, ‘कोले’ म्हणजे पित्त. पित्ताची पिशवी काढली, एवढेच. आपला ‘पित्ताशय’ही असाच दोन तुकडे जोडून झालेला आहे.

म्हणून आधी शेपटे पाठ करा, ती मोजकीच आहेत. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘ऑटॉमी’ म्हणजे छेद देणे, ‘ऑस्टोमी’ म्हणजे तोंड तयार करणे (कोलोस्टोमीत मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर काढतात), ‘ईमिया’ म्हणजे रक्तातली स्थिती, ‘मेगॅली’ म्हणजे आकार वाढणे.

मग उपसर्ग. इथे मराठी माणसाचे अर्धे काम आधीच झालेले असते. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या भाषा. ‘हायपर’ म्हणजे आपला उपरि, ‘हायपो’ म्हणजे उप, ‘पेरी’ म्हणजे परि, ‘डिस’ म्हणजे दुस्. पेरिकार्डियम हे हृदयाभोवतीचे आवरण. नकाराचा नियमही तोच: पुढे व्यंजन असेल तर ‘अ’, स्वर असेल तर ‘अन्’. अयोग्य आणि अनुचित, तसे अफेझिया (वाचा जाणे) आणि ॲनिमिया. गुडघ्याला लॅटिनमध्ये ‘गेनू’, आपल्याकडे जानु. यकृताचा लॅटिन भाऊ ‘येकुर’ मात्र वैद्यकात रुजला नाही. ग्रीक ‘हेपार’ने जागा घेतली, म्हणून हिपॅटायटिस.

तिसरे काम जरा कंटाळवाणे, पण टाळू नका. वहीत दोन रकाने आखा, एक ग्रीक, एक लॅटिन. मूत्रपिंडाचा दाह ‘नेफ्रायटिस’, पण त्याची धमनी ‘रीनल’. फुप्फुसाचा आजार ‘न्यूमोनिया’, पण धमनी ‘पल्मोनरी’. रोग आणि शस्त्रक्रियांची नावे बहुतेक ग्रीक, कारण हिप्पोक्रेटिस आणि गेलेन या प्राचीन वैद्यांनी ग्रीकमध्ये लिहिले. अवयवांची नावे बरीचशी लॅटिन, कारण प्रबोधनकाळातले शरीररचनाकार लॅटिनमध्ये लिहीत. त्यांच्यातल्या व्हेसेलियसचा गाजलेला ग्रंथ 1543 चा. अपवाद भरपूर आहेत, तरी अंदाज बांधायला हा नियम पुरतो.

शेवटी सारख्या दिसणाऱ्या शब्दांचे वेगळे पान ठेवा. ‘पीडिॲट्रिक’मधला तुकडा ग्रीक, अर्थ मूल, ‘पेडल एडिमा’मधला (पायावरची सूज) लॅटिन, अर्थ पाऊल. ‘मायो’ म्हणजे स्नायू, ‘मायेलो’ म्हणजे मज्जा किंवा मज्जारज्जू. हे पान देवनागरीत लिहू नका, स्पेलिंगसकट रोमन लिपीत लिहा. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचे हाड, दोन्ही देवनागरीत ‘इलियम’च. फरक एका मधल्या अक्षराचा: आतड्याच्या शब्दात ‘ई’ (ileum), हाडाच्या शब्दात ‘आय’ (ilium). आतड्याला ग्रीकमध्ये ‘एंटेरॉन’ म्हणतात, त्याचे पहिले अक्षर ‘ई’, ‘हिप’मध्ये ‘आय’. ही खूण त्याच पानावर शब्दांशेजारी लिहून ठेवा.