'आय गो' की 'आय ॲम गोइंग'? वऱ्हाडी माणसाने इंग्रजीचा काळ कसा निवडावा

राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. त्यामुळे यवतमाळ-वाशीमकडच्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी साध्या आणि चालू वर्तमानकाळाचं सूत्र तो घडाघडा म्हणून दाखवतो. घोडं अडतं ते बोलताना. मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की पहिलंच वाक्य येतं, 'आय ॲम बिलाँगिंग टू अ फार्मर फॅमिली.' सूत्रात ते चोख बसतं, पण तिथे तो काळ चालत नाही. कोणता कुठे चालतो, एवढंच इथे बघू.

आधी वाक्य घरच्या बोलीत म्हणा

'तू काय करतोस?' हा पुस्तकी मराठीतला प्रश्न दोन अर्थांचा आहे. नोकरीधंदा विचारला की आत्ता हातात काय काम आहे ते विचारलं, नुसत्या शब्दांवरून कळत नाही. आपल्याकडे असा घोळ होत नाही. 'काय करतं तू?' म्हणजे कामधंदा कोणता, आणि 'काय करून राहिला?' म्हणजे आत्ता काय चाललंय. इंग्रजीत पहिला प्रश्न 'व्हॉट डू यू डू?' आणि दुसरा 'व्हॉट आर यू डूइंग?'

म्हणजे 'राहिलो', 'राहिली', 'राहिले' तोंडात आलं की इंग्रजीत बहुतेक वेळा चालू काळ. नाही आलं की साधा. 'बाबा रोज वावरात जातात' याचं 'माय फादर गोज टू द फील्ड एव्हरी डे'. 'बाबा पऱ्हाटीवर फवारून राहिले' याचं 'माय फादर इज स्प्रेइंग द कॉटन'. वैनगंगा भंडाऱ्याजवळून वाहते, ते कायमचं, म्हणून 'द वैनगंगा फ्लोज पास्ट भंडारा'. पुरात पाणी पुलावरून वाहून राहिलं, ते चार दिवसांचं, म्हणून 'द वॉटर इज फ्लोइंग ओव्हर द ब्रिज'. आणि 'आत्ता' म्हणजे याच क्षणी असंही नाही. बहीण या वर्षापुरती नागपूरला मावशीकडे असेल, तर ती या घडीला बसमध्ये बसलेली असली तरी 'शी इज स्टेइंग विथ अवर आँट'.

शाळेत 'राहिलो' बोलू नको म्हणून मुलांना दटावतात. इंग्रजीच्या तासाला तरी दटावू नये, कारण काळ ओळखायला इतकं सोपं माप दुसरं नाही.

मग हुकूम देऊन बघा

या मापाला एक खोट आहे. आपण 'मले समजून नाही राहिलं', 'दिसून राहिलं', 'वाटून राहिलं' असंही म्हणतो. त्याचं शब्दशः इंग्रजी केलं की 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' होतं आणि तिथेच घात होतो. बरोबर वाक्य 'आय डोन्ट अंडरस्टँड'.

इथे दुसरी कसोटी लावा. ते काम कुणाला सांगता येतं का? 'वेच', 'निंद', 'फवार' असं सांगता येतं. 'माहीत अस', 'हवं अस', 'मालकीचं अस' असं कुणी कुणाला सांगत नाही. ज्याचा हुकूम देता येत नाही ती क्रिया नाही, ती स्थिती आहे, आणि इंग्रजी स्थितीला सहसा 'इंग' लावत नाही. नो, वाँट, नीड, ओन, बिलाँग, बिलीव्ह, अंडरस्टँड, कॉस्ट, एवढे शब्द ध्यानात ठेवले तरी मुलाखतीतल्या बऱ्याच चुका टळतील. 'आय बिलाँग टू अ फार्मर फॅमिली' चालेल. त्याहून चांगलं म्हणजे 'माय पेरेंट्स आर फार्मर्स' म्हणून मोकळं व्हावं.

काही शब्द मात्र दोन्हीकडे नांदतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. काट्यावर उभा माणूस कापूस मोजून राहिला, हे काम आहे: 'ही इज वेइंग द कॉटन'. पण रुईची एक गाठ १७० किलोची भरते, हा तिचा गुण झाला: 'अ बेल वेज १७० किलोज'. गाठ स्वतः उठून काही करत नाही. तसंच 'थिंक'चं. 'भाव वाढेल असं मला वाटतं' हे मत आहे, म्हणून 'आय थिंक द प्राइस विल राइज'. 'आता विकून टाकावा का, याचा विचार करून राहिलो' हे डोक्यात चाललेलं काम, म्हणून 'आय ॲम थिंकिंग ऑफ सेलिंग'. पाच एकर जमीन असेल तर 'वी हॅव फाइव्ह एकर्स', 'वी आर हॅविंग' नाही. जेवण चालू असेल तर मात्र 'वी आर हॅविंग लंच' अगदी बरोबर.

एक अपवाद कामाचा आहे. सवयीबद्दल कुरकुर करायची असेल तर 'ऑलवेज' घालून चालू काळ वापरतात. 'ही इज ऑलवेज बॉरोइंग माय बाइक' म्हटलं की वैताग आपोआप कळतो.

भूतकाळात, काय अर्ध्यावर होतं ते पाहा

'व्हेन द रेन केम, वी कव्हर्ड द कॉटन.' पाऊस आला, मग आपण धावलो, म्हणजे थोडा कापूस भिजला असणार. 'व्हेन द रेन केम, वी वर कव्हरिंग द कॉटन.' पाऊस आला तेव्हा ताडपत्री आधीच हातात होती. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, फक्त हकीकत वेगळी.

इथे मराठीतलं 'होतो' फसवतं. 'मी सायकलने शाळेत जात होतो' ही जुनी सवय असते, पण 'आय वॉज गोइंग टू स्कूल बाय सायकल' म्हटलं की ऐकणारा वाट पाहतो, की मग रस्त्यात झालं काय? सवय सांगायची तर 'आय वेंट' किंवा 'आय यूज्ड टू गो'.

पुढचं आणि मागून चालत आलेलं

भविष्याचं सोपं आहे. ठरवलेल्या बेताला चालू काळ: 'आय ॲम गोइंग टू अकोला टुमॉरो', आपल्या 'उद्या अकोल्याला चाललो'सारखाच. वेळापत्रकाला साधा: 'द लास्ट बस लीव्हज ॲट सेव्हन'.

'दहा वर्षांपासून इथे राहतो' याला मात्र दोन्ही काळ अपुरे पडतात. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' हे वाक्य अमरावतीपासून गडचिरोलीपर्यंत ऐकू येतं आणि त्यात दोन चुका आहेत. मागून सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला 'हॅव बीन' लागतं, आणि काळाच्या लांबीला 'फॉर': 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स'. 'सिन्स' फक्त सुरुवातीच्या टोकाला, जसं 'सिन्स २०१५'. हुकमाची कसोटी इथेही लागू आहे. सरपंचाला दहा वर्षांपासून ओळखत असाल तर 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स', 'बीन नोइंग' नाही.