मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि प्रवासाचे खरे तास कसे काढायचे

तिकिटावर निघायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची न्यूयॉर्कची, त्यामुळे दोन्हींची सरळ वजाबाकी करू नका. समजा विमान रात्री 1 ला मुंबईहून सुटतंय आणि त्याच तारखेला सकाळी 7 ला न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उतरतंय, तर ते 6 तास नाहीत. आधी निघायची वेळ न्यूयॉर्कच्या घड्याळात बदलून घ्या, हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे दुपारचे अडीच वाजलेत, आणि तिथून सकाळी 7 पर्यंत साडेसोळा तास. उन्हाळ्यात फरक साडेनऊचा, तेव्हा हेच उत्तर साडेपंधरा येतं. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे करतात, प्रवास त्या आसपास असेल तर दोनदा तपासा.

आता अंतर. सपाट नकाशावर सरळ रेघ मारून अंदाज बांधू नका, कारण पृथ्वी गोल आहे. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा, तो अरबस्तानाकडे वळतच नाही, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया करत पार नॉर्वे आणि आइसलँडवरून जातो! (मुलांना हे नक्की दाखवा, फार आवडतं.) ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे, तिथे बीओएम (BOM, मुंबई) आणि जेएफके (JFK) हे विमानतळांचे कोड मध्ये डॅश देऊन टाकले की हेच अंतर मिळतं, साधारण 12,500 किमी.

मोठी विमानं वर गेल्यावर ताशी 900 किमीच्या आसपास उडतात, म्हणजे भागाकार केला तर 14 तास. त्यात रनवेपर्यंत जाणं, चढणं, उतरणं याचा अर्धा पाऊण तास धरा. आणि विमान दोऱ्यासारखं जात नाही हो, एअरस्पेस बंद असतात, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं तेव्हा त्यांना वळसा घालावा लागला आणि तास वाढले. शिवाय वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे येताना बहुतेक वेळा तास-दीड तास कमी लागतो. खरा आकडा हवा असेल तर फ्लाइटरडार24 या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर फ्लाइट नंबर टाकून मागच्या काही दिवसांत ते विमान किती वेळ उडलं ते बघा, माझ्या मते सगळ्यात भरवशाचं तेच.

दुबईवरून जाणार असाल तर अंतर जेमतेम 400 किमी वाढतं, वेळ खरा खातो तो लेओव्हर, म्हणजे मधल्या विमानतळावरचा थांबा, म्हणून तोही एकूण तासांत धरा.

आईबाबा पहिल्यांदा मुलांकडे जात असतील तर हा हिशोब कागदावर लिहूनच द्या, मुंबईच्या घड्याळाने किती वाजता उतरणार ते. शुगरच्या, बीपीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना हे एकूण तास आणि वेळेतला फरक दोन्ही सांगा आणि डोस कधी घ्यायचा ते विचारून घ्या, औषधं केबिन बॅगेतच ठेवा. आणि न्यायला येणाऱ्याला उतरायच्या वेळेसोबत तारीखही कळवा, इमिग्रेशन आणि सामानाला तास-दोन तास सहज जातात.