विंड टनेलशिवाय (कृत्रिम वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्याशिवाय) सायकलस्वाराने हवेचा रोध कसा तपासावा

विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते हे पाहण्यासाठी संशोधक त्यावर लोकरीचे आखूड धागे चिकटवतात. धागा पृष्ठभागाला लागून सरळ राहिला, तर प्रवाह सुरळीत आहे. तो फडफडला किंवा उलट फिरला, तर प्रवाह तेथे सुटून मागे भोवरे तयार होत आहेत. हे भोवरेच वेग खातात. बीड-लातूरकडे स्पर्धेची तयारी करणाऱ्या सायकलस्वारालाही ही युक्ती जवळजवळ विनाखर्च वापरता येते.

सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर वेगाने जाताना बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यातच खर्च होते आणि या रोधाचा मोठा वाटा सायकलीचा नसून स्वाराच्या शरीराचा असतो. त्यामुळे महागड्या कार्बन फ्रेमपूर्वी बसण्याची ढब सुधारावी, असे माझे ठाम मत आहे. 1989 च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत ग्रेग लेमाँडने शेवटच्या 24.5 किलोमीटरच्या टप्प्यात 50 सेकंदांची पिछाडी भरून काढली आणि 8 सेकंदांनी स्पर्धा जिंकली. कोपर टेकवण्याचे हँडल आणि निमुळते हेल्मेट त्याने वापरले होते. त्याचा प्रतिस्पर्धी लोराँ फिन्यों मात्र उघड्या डोक्याने धावला.

बोटभर लांबीचे धागे पाठ, खांदे, दंड आणि हेल्मेटवर चिकटपट्टीने लावावेत. सहकाऱ्याने मोटारसायकलवर मागे बसून, बाजूने पुरेसे अंतर राखून मोबाइलवर चित्रीकरण करावे; पुढे गाडी ठेवल्यास तिच्या आडोशामुळे प्रवाहच बदलतो. सैल सदऱ्याच्या पाठीवर धागे कसे सैरभैर होतात, हे एकदा पाहिले की अंगाला घट्ट बसणाऱ्या जर्सीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर वर्दळ नसलेला आणि खाली सपाट रस्त्याला मिळणारा सौम्य उतार निवडावा. ठरावीक खुणेपासून पायडल न मारता सायकल सोडावी आणि ती कोठे थांबते तेथे खडूने रेघ मारावी; रेघ जितकी दूर, तितका रोध कमी. जुनी ढब, नवी ढब, पुन्हा जुनी, अशा क्रमाने अनेक फेऱ्या कराव्यात. दोन्ही जुन्या रेघा जवळ आल्या नाहीत, तर ती चाचणी बाद समजावी. टायरमधील हवा आणि एकूण वजन बदलू देऊ नये. बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्या फिरत असतील, तर त्या दिवशी मोजमाप करूच नये. हिवाळ्यातील निवांत पहाट सर्वांत चांगली. मात्र 10 अंशांच्या हवेपेक्षा 40 अंशांची हवा सुमारे 10 टक्के विरळ असल्याने जानेवारीच्या रेघेची तुलना एप्रिलमधील दुपारच्या रेघेशी करू नये.

निवडलेली ढब पूर्ण अंतरभर टिकते का आणि ती स्पर्धेच्या नियमांत बसते का, हे नोंदणीपूर्वीच तपासावे.