सिम्युलेशनमधल्या पुरस्कारासाठी नामांकन कसं करावं

सिम्युलेशन म्हणजे खऱ्या व्यवस्थेची संगणकावर मॉडेल करून केलेली नक्कल. या क्षेत्रातल्या कुणाचं नाव सुचवायचं असेल तर आधी पुरस्कार नीट निवडा. इन्फॉर्म्स या ऑपरेशन्स रिसर्चवाल्यांच्या संघटनेच्या सिम्युलेशन सोसायटीचंच घ्या: जीवनगौरव वेगळा, सेवेसाठीचा वेगळा, उत्तम प्रकाशनासाठीचा वेगळा. आयुष्यभर परिषदा भरवण्यात आणि नियतकालिक सांभाळण्यात ज्यांनी स्वतःला झिजवलं, त्यांचं नाव संशोधनाच्या पुरस्काराला पाठवलं तर ते मागे पडणारच. नियम आणि जुन्या विजेत्यांची यादी वाचा, सीव्ही मागवा. इथवर काही अवघड नाही.

अवघड आहे ते एक वाक्य: या व्यक्तीने नेमकं केलं काय? इथे मी दोनदा आपटलो. तीन-तीन पानी पत्रं लिहिली होती. त्यांत शोधनिबंधांचा आकडा, पीएच.डी. झालेले विद्यार्थी, प्रकल्पांचा निधी, सगळं होतं. नंतर निवड समितीतल्या एका ज्येष्ठांनी सांगितलं, ‘माणूस मोठा आहे हे कळलं, पण का मोठा आहे ते तुमच्या पत्रातून कळेना.’ ‘सीव्ही भारदस्त दिसू द्या’ असा सल्ला कुणी दिला तर सरळ कानाआड करा. सीव्ही सोबत जोडलेला असतोच, पत्रात तो पुन्हा उगाळू नका.

२००१ चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगोर्ड यांना मिळाला, त्यामागचं कारण बघा. सिम्युला १ आणि सिम्युला ६७ या प्रोग्रॅमिंग भाषा रचताना त्यांनी मांडलेल्या कल्पना ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग या प्रोग्रॅम लिहिण्याच्या पद्धतीच्या उदयाला मूलभूत ठरल्या. काम कोणतं आणि त्यातून पुढे काय उभं राहिलं, दोन्ही आलं. निबंधांची संख्या कुठेही नाही.

तसं वाक्य जमेपर्यंत पत्राला हात घालू नका. मग आधी लोक काय करत होते, यांनी काय बदललं आणि आज ते कोण वापरतं, या क्रमाने लिहा. समितीत एक जण रांगांच्या मॉडेलवाला, दुसरा मॉन्टे कार्लोवाला, तिसरा एजंट-बेस्डवाला असू शकतो. तिघांनाही कळलं पाहिजे. ‘व्हेरिअन्स रिडक्शनमध्ये (म्हणजे उत्तरांतला योगायोगाने येणारा चढउतार कमी करण्यात) मोलाची भर’ हे वाक्य पोकळ आहे. ‘तेवढ्याच अचूकतेसाठी आता मॉडेल कमी वेळा चालवलं तरी पुरतं’ म्हटलं की पटतं. मॉडेल अचूक होतं असा दावा करणार असाल, तर ते कोणत्या प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिलं आणि त्यावरून कोणता निर्णय बदलला, हे लिहा. या ताडून पाहण्याबद्दल, म्हणजे व्हॅलिडेशनबद्दल, मौन पाळलेलं पत्र या क्षेत्रातल्या माणसाला लगेच खटकतं. काम चौघांचं असेल तर यांचा वाटा कोणता हे उघड सांगा. उरलेल्या तिघांपैकी एखादा समितीत बसलेला असायचा.

शिफारसपत्रांसाठी प्रत्येकाला वेगळा मुद्दा वाटून द्या: एकाला पद्धत, एकाला सॉफ्टवेअर, एकाला प्रत्यक्ष वापर. तयार मसुदा मात्र कुणालाही पाठवू नका. एकच विशेषण तीन पत्रांत आलं की चोरी उघडी पडते. मोठ्या नावाच्या दोन गुळमुळीत ओळींपेक्षा ती पद्धत रोज वापरणाऱ्या अनोळखी इंजिनिअरचं पानभर पत्र मी कधीही घेईन.

शिफारस करणाऱ्यांना खऱ्या मुदतीच्या दोन आठवडे आधीची तारीख सांगा. सगळं एका पीडीएफमध्ये जोडून पाठवा. यंदा निवड झाली नाही आणि नियमात बसत असेल, तर पुढच्या वर्षी ते एक वाक्य नव्याने लिहून पुन्हा पाठवा.